झाडाखाली अडकलेला संदेश: सॅटेलाइट मेसेंजर, आठ महिन्यांनंतर

जंगलात गट घेऊन फिरणं हे माझं काम. मोबाईलची रेंज संपते तिथून पुढे दिवसभर चालायचं, म्हणून हा तळहातात मावणारा सॅटेलाइट मेसेंजर घेतला. छोटे संदेश, आपलं ठिकाण आणि एसओएस, एवढंच तो करतो. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी हाच घेईन. पण झाडांशी त्याचं जमत नाही, हे आधी कुणी सांगायला हवं होतं.

मला भीती पावसाची होती. निघालं भलतंच. उघड्या पठारावर धो-धो पावसात संदेश मिनिटभरात गेला. पाऊस थांबल्यावर दाट झाडीत, निथळत्या पानांखाली, तसाच संदेश अकरा मिनिटं अडकला. संच 1.6 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरींवर बोलतो. त्या लहरींना पावसाच्या थेंबांचं फारसं काही वाटत नाही. पानं, फांद्या आणि खोडं मात्र त्यांना खातात, ओली असली तर जास्तच. सिग्नल 10 डेसिबलने उतरला की दहावा हिस्साच हाती उरतो.

कड्यालगत वेगळीच गंमत. थेट आलेली लहर आणि खडकावरून उलटून आलेली लहर एकमेकींना मारतात. तरंगलांबी जेमतेम वीतभर, त्यामुळे अर्धं पाऊल सरकलं तरी सिग्नल परत येतो. एकाच जागी हात उंचावून ताटकळू नका.

माझा आधीचा फोन भूस्थिर उपग्रहावर चालायचा. सुमारे 36,000 किलोमीटरवरचा तो उपग्रह आभाळात एकाच जागी. मध्ये डोंगर आला की कितीही थांबा, उपयोग शून्य. याचे उपग्रह 780 किलोमीटरवरून धावतात. एक डोंगराआड गेला की थोड्या वेळात दुसरा वर येतो. अरुंद दरीत हा फरक मोलाचा आहे.

तक्रार कंपनीने दिलेल्या क्लिपची. ती कमरेला लागते, म्हणजे अर्धं आभाळ आपल्याच अंगाने झाकलं जातं. मी संच सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर, अँटेना वर करून बांधते. माहितीपुस्तिकेत ‘खुल्या आकाशाखाली वापरा’ एवढंच लिहिलंय, झाडांबद्दल अक्षर नाही. संदेश गेल्याची बीपही इतकी बारीक की ओढ्याजवळ ऐकूच येत नाही.

गेल्या महिन्यात गटातल्या एकीचा घोटा मुरगळला. तिला झाडाखाली बसवून मी चाळीसेक पावलं मागे गेले. एक मोठं झाड उन्मळून पडल्याने तिथे आभाळाचा गोल तुकडा उघडा होता. तिथून मदतीचा संदेश गेला, आणि मी तिच्याजवळ परत पोचायच्या आत उत्तरही आलं होतं.