'लॅब क्रॉस' म्हणून आणलेली बुंदी: दीड वर्षानंतरचा अनुभव

मिक्स ब्रीड कुत्रं घ्यावं का, असं बरेच जण विचारतात आणि उत्तर देणारे दोनच प्रकारचे असतात. एक म्हणतात, "गावठी रक्त आहे ना, मग बघायला नको, कधी आजारी पडणार नाही." दुसरे म्हणतात, "कशी निघेल काय सांगावं, जातिवंत घ्या." आमच्या घरी दीड वर्षापासून बुंदी आहे आणि दोन्ही मंडळींचं अर्धं-अर्धंच खरं आहे.

बुंदी फुकट मिळाली. आई नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यातली लॅब्रेडोर. बाप म्हणजे फाटक उघडं राहिलं त्या आठवड्यात आत येऊन गेलेला कोणीतरी. पिल्लं वाटताना त्या घरच्यांनी सांगितलं, "लॅबसारखीच होणार बघा." तशी ती झाली नाही. त्यांनी खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाकडे बघून कोणालाच काही सांगता येत नाही, एवढंच.

तेव्हा ती हुबेहूब लॅबचं पिल्लू होती: पिवळसर रंग, पडलेले कान, गरगरीत पोट. पाचव्या महिन्यात उजवा कान उभा राहिला. डाव्याचं अजून ठरायचंय. शेपटी पाठीवर वळली, पाय लांबले, कंबर बारीक झाली. लॅबची मादी साधारण 25 ते 32 किलोची भरते, बुंदी 19 वर थांबली. तिचा एक भाऊ काळाकुळकुळीत आहे आणि एक बहीण अशी, की आई लॅब म्हटलं तर लोक हसतात. डॉक्टर म्हणाले, यात नवल नाही. माजाच्या दिवसांत कुत्रीवर एकाहून जास्त कुत्रे आले तर एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. आणि बाप एकच असला, तरी गल्लीतल्या कुत्र्यात कितीतरी पिढ्यांची सरमिसळ असते. अमेरिकेत बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात बसेंजी आणि कॉकर स्पॅनियल या कुत्र्यांच्या दोन जातींचा संकर केला होता. पहिल्या पिढीची पिल्लं ना धड बसेंजी दिसत होती ना कॉकर. त्यांच्या पुढच्या पिढीत तर एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. आईबाप दोघंही ठाऊक असताना ही गत. आमच्याकडे तर निम्मी कुंडलीच कोरी.

स्वभावाचं तर आणखीच मजेशीर आहे. लॅब म्हणजे पाण्याचं वेड, चेंडूचं वेड आणि येईल त्याच्याशी दोस्ती, असं आम्ही धरून चाललो होतो. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला नेलं तर बाईसाहेब काठावर बसून राहिल्या, पंजा ओला झाला की झटकायचा. चेंडू फेकला तर तो कुठे पडला ते नीट बघते आणि मग माझ्याकडे बघते, की आता जाऊन आण. दारावर अनोळखी माणूस आला की आवाज असा, की पार्सलवाले खालूनच फोन करतात. घरातल्यांवर जीव ओवाळून टाकेल, पण पाहुण्यांनी पहिल्या भेटीत डोक्यावर हात ठेवलेला तिला चालत नाही. लहान मुलं घरी येणार असतील तर मी तिला आधी आतल्या खोलीत ठेवते. ज्यांना सोसायटीभर लाड करून घेणारं कुत्रं हवंय, त्यांनी हा मुद्दा हलक्यात घेऊ नये.

आईकडून तिने एकच गोष्ट पुरेपूर घेतली: भूक. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं, की जवळपास चौथा हिस्सा लॅब्रेडोरांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गायब असतो आणि त्यामुळे त्यांचा ओढा खाण्याकडे जास्त असतो. बुंदीची तपासणी आम्ही केलेली नाही, पण ओट्यावरच्या भाकरीचा वास तिला गॅलरीत झोपेत लागतो. म्हणजे डोकं गल्लीतलं, पोट बंगल्यातलं.

हे सगळं अमुक जातीमुळे असं म्हणण्यातही फार अर्थ नाही, हे मला नंतर वाचनातून कळलं. 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता. 18 हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावल्या भरल्या होत्या आणि त्यातल्या दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचे जनुक तपासले गेले. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम 9 टक्के जातीने समजतो, असं त्यात निघालं. त्यामुळे बुंदीने चेंडू आणला नाही यात तिच्या बापाचा दोष आहे, हे मी आता तरी बोलत नाही. सासूबाई बोलतात.

आता तब्येत. "गावठी रक्त, आजारी पडत नाही" हे वाक्य ज्यांनी ज्यांनी मला ऐकवलं, त्यांना पहिल्या पावसाळ्यात आमच्या घरी बोलवायला हवं होतं. बुंदीला टिक फीवर, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून येणारा ताप, झाला. गोचीड अंगावर एकच दिसली होती, तीही कानाच्या आत. दोन दिवस नीट जेवली नाही, आणि या कुत्रीने जेवण सोडणं म्हणजे काय ते वर लिहिलंच आहे. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स घसरलेल्या. डॉक्सिसायक्लिनचा चार आठवड्यांचा कोर्स, गोळी रोज पोट भरल्यावर, मध्ये दोनदा रक्त तपासणी. बरी झाली. पण गोचीड बापाची जात विचारून चावत नाही. तेव्हापासून गोचीडवरची गोळी किंवा मानेवर घालायचे थेंब वेळेवर, आणि पावसाळ्यात रोज संध्याकाळी बोटांच्या बेचक्या, कानांच्या आत, काखेत हात फिरवून बघायचं.

आनुवंशिक आजारांपुरता संकराचा फायदा आहे, पण लोक समजतात तेवढा सरसकट नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी 2013 मध्ये 27 हजारांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदींवरून 24 आजार तपासले. त्यातले 10 जातिवंत कुत्र्यांत जास्त आढळले, 13 मध्ये फरक दिसला नाही आणि गुडघ्याचा लिगामेंट फाटणं हे उलट मिश्र कुत्र्यांत जास्त निघालं. म्हणून लसी, जंताचं औषध, वजन यात काही सूट नाही. पिल्लूपणी सहा-आठ आठवड्यांपासून चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पार्वो, डिस्टेंपरची लस, तीन महिन्यांनंतर रेबीजची, पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. फाईलवर डॉक्टर 'एनडी' लिहितात, म्हणजे ठराविक जातीचं नसलेलं. आमच्या ह्यांना पहिल्यांदा तो कुठलातरी रोगच वाटला.

नसबंदी केली. त्याआधी एकदा माजावर आली होती आणि ते तीन आठवडे बिल्डिंगच्या गेटाबाहेर कुत्र्यांची जी बैठक भरली, तिची आठवण वॉचमनकाका अजून काढतात. ऑपरेशननंतर टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कोन घालतात, तो तिने पहिल्याच रात्री दाराच्या चौकटीवर आपटून फोडला. मग मुलाचा जुना टी-शर्ट मागे गाठ मारून घातला आणि काम भागलं.

खाण्यात नाशिककरांसाठी एक गोष्ट मोठ्या अक्षरात. द्राक्षं आणि मनुके कुत्र्यांना विषारी आहेत, मूत्रपिंड निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नाही. आमचे नातलग निफाड तालुक्यात द्राक्षबागवाले. हंगामात घरात पेट्या येतात, बेदाणे बरणीत नसतील असा महिना नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यातही मनुके असतात. "एवढासा प्रसाद, देवाचा आहे, काही होत नाही" म्हणत तिच्यापुढे द्रोण धरणाऱ्या एका काकूंशी माझा वाद झालेला आहे आणि पुन्हा झाला तरी हरकत नाही. कांदा-लसूणही नको, म्हणजे उरलेली भाजी-आमटी आपोआप बाद. शिजवलेली हाडं नकोत, ती तुकडे होऊन टोचतात. तिला चिकन-भात, अंडं, दही, कधी नुसती भाकरी आणि बाकी कोरडं खाणं. महिन्याला खाणं आणि औषधं मिळून चार-साडेचार हजार जातात. फुकट आणलेल्या कुत्र्याचाही खर्च विकत आणलेल्याइतकाच असतो.

केसांबद्दल थोडक्यात: गळतात. खूप गळतात.

सोसायटीत त्रास झाला का? थोडा. "कुठली जात?" हा प्रश्न लिफ्टमध्ये हमखास, आणि "लॅब क्रॉस" म्हटलं की नजर कानांकडे जाते आणि मग "अच्छा" येतं. एका मीटिंगमध्ये लिफ्टचा विषय निघाला होता. केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे, की सोसायटी बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांना बंदी घालू शकत नाही आणि लिफ्टही नाकारू शकत नाही. ती प्रिंट सेक्रेटरींना दिली, विषय मिटला. आपल्या बाजूने पट्टा, घाण उचलणं आणि महापालिकेचा परवाना चोख हवा.

गावठी दिसणाऱ्या मिक्सच्या मालकांनी मात्र एक गोष्ट जातिवंतवाल्यांपेक्षा जास्त सांभाळायला हवी. बुंदी सुटली तर तिला कोणी पाळीव समजणार नाही. रस्त्यावरच्या ज्या कुत्र्यांची नसबंदी झालेली असते त्यांच्या कानाला खाच असते, हिच्या कानाला नाही. नसबंदीच्या गाडीला ती उचलण्याजोगीच दिसणार. त्यामुळे पट्ट्यावर फोन नंबरचा बिल्ला घरातसुद्धा कायम आणि मायक्रोचिप बसवून घेतलेली. दिवाळीत तर नक्कीच, कारण फटाक्यांना घाबरून कुत्री पळतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आम्ही आळीपाळीने तिच्याजवळ बाथरूममध्ये बसलो होतो.

हल्ली मुद्दाम केलेले क्रॉस विकतात, लॅब्राडूडल वगैरे, आणि भाव जातिवंतापेक्षा चढा. लॅब्राडूडलची सुरुवात 1989 मध्ये ऑस्ट्रेलियात मार्गदर्शक कुत्र्यांच्या संस्थेत काम करणाऱ्या वॉली कॉनरॉन यांनी केली. हवाईतल्या एका अंध बाईंना मार्गदर्शक कुत्रं हवं होतं आणि नवऱ्याला केसांची ॲलर्जी. लॅब आणि पूडलच्या त्या वेतात तीन पिल्लं झाली आणि ॲलर्जीच्या कसोटीला त्यातलं एकच उतरलं. पुढे कॉनरॉन यांनीच या प्रकाराचा पश्चात्ताप जाहीरपणे बोलून दाखवला. 'केस गळत नाहीत' अशी हमी देणाऱ्या विक्रेत्याला एवढं जरूर ऐकवा. पिटबुल किंवा रॉटवायलर क्रॉस घेणाऱ्यांनी वेगळा विचार करावा. केंद्राने मार्च 2024 च्या पत्रात 23 जातींबरोबर त्यांच्या मिश्र पिल्लांवरही बंदी सुचवली होती. ते पत्र एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केलं, पण सोसायटीतल्यांना पत्र लक्षात राहतं, निकाल नाही.

पुन्हा घ्यायचं तर मिक्सच घेईन, पण पिल्लू नाही. मिक्समध्ये जे काही अनिश्चित असतं ते पहिल्या वर्षभरातच उलगडतं, आणि ते उलगडेपर्यंत चपला, सोफ्याचे कोपरे, खुर्च्यांचे पाय आपले जातात. वर्ष-दीड वर्षाचं दत्तक कुत्रं घेतलं तर कान, वजन, आवाज सगळं डोळ्यांसमोर असतं. ज्यांनी ते तात्पुरतं सांभाळलंय त्यांना जात विचारू नका. घरी एकटं ठेवल्यावर काय करतं, अनोळखी माणूस आत आल्यावर काय करतं, आणि जेवताना ताटलीला हात लावला तर काय करतं, हे विचारा. जमलं तर तिथे दोनदा जा, एकदा त्याच्या जेवणाच्या वेळेला.