अंतराळात जास्त तग कोण धरतं, आर्टेमियाची अंडी की झाडाचं बी?

आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीच्या जातीचा इवलासा जीव, आपल्या कोकणात कोळंबीवाल्यांना तो सांगायला नको, डब्यातली सुकी अंडी खाऱ्या पाण्यात घातली की दिवसभरात पिल्लं बाहेर. बी पण तसंच, सुकं असेल तर वर्षानुवर्षं झोपून राहतं, पण रेडिएशनपुढे दोघांचं वेगळं होतं.

१९७२ ला अपोलो १६ आणि १७ या चांद्रमोहिमांमधून बायोस्टॅक प्रयोगात दोन्ही पाठवलेली, आणि ज्या अंड्यातून अंतराळातल्या किरणांमधला (कॉस्मिक रेज) एकच जड कण आरपार गेला त्याची पण वाढ बरीच बिघडली, कारण अंडं जेमतेम पाव मिलिमीटरचं, त्यात कण घुसला की वाटेतल्या पेशी मेल्याच. गंमत म्हणजे अंडं फुटेपर्यंत पेशी विभागतच नाहीत, म्हणून नुसतं पिल्लू बाहेर आलं म्हणजे सगळं ठीक असं धरू नका, ते पुढे वाढतंय का ते बघा!

बियांचं म्हणाल तर १९८४ ते १९९० टोमॅटोचं बी बंद डब्यात कक्षेत होतं, नंतर शाळेतल्या पोरांनी पेरलं तर मस्त उगवलं. स्पेस स्टेशनबाहेर दीड वर्ष उघड्यावर ठेवलेल्या अरॅबिडॉप्सिस (मोहरीच्या कुळातलं छोटं रोप) आणि तंबाखूच्या बियांपैकी मात्र २३ टक्केच जगल्या, तिथे अल्ट्राव्हायोलेटचा मार जास्त. तरी माझं मत बियालाच, साल जाड, आतली रंगद्रव्यं ऊन अडवतात.