हेडरमध्ये नवा कॉन्स्टंट घालताना: एनम की डिफाइन?

सी भाषेत ठरावीक आकड्यांना नावं (कॉन्स्टंट) देऊन ती हेडर फाइलमध्ये ठेवतात. एनम म्हणजे अशा नावांची यादी; त्यात आकडा लिहिला नाही तर कंपायलर मागच्यात एक मिळवून देतो. डिफाइन म्हणजे मॅक्रो; त्यात प्रत्येक नावापुढे आकडा आपणच लिहायचा. सगळा सोर्स कोड आपल्याच हातात असेल आणि दर वेळी सगळं नव्यानं बिल्ड होत असेल, तर खुशाल एनम वापरा. आमचं तसं नाही. हिंजवडीत बसून आम्ही लायब्ररी बनवतो आणि ती चाकणच्या कारखान्यांतल्या जुन्या प्रोग्रॅमांखाली चालते. ते प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करायला कुणी बसलेलं नाही. त्यांच्या पोटात आपली नावं नाहीत, नुसते आकडे आहेत.

एनमच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. जीडीबी या डीबगरमध्ये आकड्याऐवजी नाव दिसतं. स्विचमध्ये (एकेका नावासाठी वेगळी केस लिहितात त्या कोडमध्ये) एखादी केस राहिली तर कंपायलर टोकतो. मॅक्रोत हे सुख नाही.

तरी माझं मन एनमवरून उडालं ते कोड रिव्ह्यूमुळे. आकडे न लिहिलेल्या एनममध्ये कुणी वर्णानुक्रम सांभाळत मधेच एक नाव घातलं, की डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणाऱ्या यादीत) एकच हिरवी ओळ दिसते. तिच्याखालच्या प्रत्येक नावाचा आकडा एकानं सरकलेला असतो, पण त्या ओळींना हातच लागलेला नसल्यामुळे त्या बदल म्हणून दिसत नाहीत. कंपायलर गप्प, लिंकरही गप्प. जुन्या प्रोग्रॅमनं ‘थांब’ म्हणून पाठवलेला आकडा नवी लायब्ररी ‘रीसेट’ म्हणून वाचते. नवीन नाव शेवटीच घालायचं असा नियम केला, तरी दोन ब्रँचनी (एकाच कोडच्या समांतर प्रतींनी) शेवटी एकेक नाव घातलं की त्या मर्ज (एकत्र) करताना ओळी ज्या क्रमानं लागतील तसे आकडे पडतात. डिफाइनमध्ये दोघांनीही ४८ लिहिलं असेल तर ते निदान डोळ्यांना दिसतं.

लिनक्सचं एररनोचं (एररच्या आकड्यांचं) हेडर पाहा. ४० नंतर थेट ४२. मधल्या ओळीवरचा ई-वुडब्लॉक हे ई-अगेन या एररचंच दुसरं नाव, म्हणजे त्याचा आकडा ११. ती रिकामी जागा भरायला कुणी गेलं नाही. १३२, १३३ हे आकडे शेवटीच जोडले गेले.

‘मॅक्स’चा (यादीतला सर्वांत मोठा आकडा सांगणारा) कॉन्स्टंट मात्र दोन्हीकडे सारखाच त्रास देतो, कारण नवीन नाव आलं की तो बदलतोच. तो बाहेरच्या हेडरमध्ये नसलेलाच बरा.

मग आकडे लिहिलेलं एनम? चालेल, आणि काहींना तेच पटेल. जीलिबसी या सी लायब्ररीच्या आयपीप्रोटोच्या (नेटवर्क प्रोटोकॉलच्या आकड्यांच्या) यादीत तसंच आहे, वर त्याच नावाचे डिफाइनही आहेत, म्हणजे इफडेफ (ते नाव डिफाइन केलंय का, ही तपासणी) चालतं. माझी अडचण एवढीच, की एखाद्या ओळीवर आकडा लिहायचा राहिला तर एनम मागच्यात एक मिळवून मोकळं होतं. डिफाइनमध्ये तो राहिला तर वापराच्या ठिकाणी बिल्ड बहुतेक वेळा तुटतंच. शिवाय शॉर्ट-एनम्स (एनमला लागेल तेवढीच जागा देणारा कंपायलरचा पर्याय) चालू असलेल्या आर्म कंट्रोलरवर आकडा २५५च्या पुढे गेला, की एनम एका बाइटचं दोन बाइटांचं होतं आणि स्ट्रक्चरची मांडणी हलते.

आमची नवीन हेडरं आता डिफाइननंच लिहिली जातात. जुन्या एनममध्ये आकडे घालून घेतलेत, आणि बाद झालेल्या नावाची ओळ ‘हा आकडा पुन्हा देऊ नये’ अशा कॉमेंटसह तशीच ठेवतो.