जुनी टू-स्ट्रोक उभी करायची की नवी फोर-स्ट्रोक घ्यायची?

कोयनेकाठच्या बामणोलीच्या एका पोरानं विचारलं, दादा, आजोबांच्या बोटीची जुनी टू-स्ट्रोक मोटर (बोटीच्या मागे लावायचं इंजिन) शेडमधे पडलीय, ती नीट करू का नवीन फोर-स्ट्रोक घेऊ?

खर्चाचं बोलायचं तर जुनी स्वस्त वाटते खरी, पण आधी उघडून बघ. दोन्ही सिलेंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, जवळपास सारखं पाहिजे, खालचं गियर ऑइल दुधासारखं निघालं तर सीलमधनं पाणी गेलंय. आणि इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाणी वर चढवणारं रबरी चक्र, बदलल्याशिवाय चालूच करू नको बाबा, ते रबर पडून पडून कडक होतं, पाणी वर चढत नाही, इंजिन तापतं नि पिस्टन जाम होतो. पेट्रोलचे जुने पाइपपण बदल, आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलनं ते खराब होतात. पहिली ट्रायल पाण्यानं भरलेल्या पिंपातच घे.

रोजच्या कटकटीत नवी सरस. जुनीला पेट्रोलमधे ऑइल मिसळावं लागतं, 1950 च्या दशकातल्या जॉन्सन-एव्हिन्रूड कंपनीच्या मोटरींना 24 ला 1 (24 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल), म्हणजे लिटरला साधारण 42 मिली, नंतरच्या बऱ्याच मोटरींना 50 ला 1. धूरपण होतो, पाण्यावर तेलाचा तवंग येतो, आणि कोयनेच्या पाण्यात मला ते बघवत नाही. नवी पेट्रोल कमी पिते, आवाज कमी. वजनाला मात्र जुनी हलकी, कुठल्याही कुशीवर आडवी ठेवली तरी चालते, फोर-स्ट्रोक चुकीच्या कुशीवर आडवी ठेवली तर ऑइल सिलेंडरमधे जातं.

तापोळ्याला रोज प्रवासी न्यायचे असतील तर नवीच घे. रविवारी एखादी चक्कर मारायची असेल आणि हात काळे करायची हौस असेल तर आजोबांचीच उभी कर.