युरेनिल संयुगांसाठी ७८५ नॅनोमीटरचा रामन वर्णपटमापक: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

युरेनिलची (युरेनियमच्या दोन्ही बाजूंना एकेक ऑक्सिजन असलेल्या आयनाची) नायट्रेट, ॲसिटेट आणि कार्बोनेट संयुगे तपासण्यासाठी आमच्या प्रयोगशाळेत ७८५ नॅनोमीटर लेझरचा रामन वर्णपटमापक (विखुरलेल्या लेझर प्रकाशातील बदलावरून रेणूंची कंपने मोजणारे उपकरण) गेले काही महिने नियमित वापरात आहे. त्यापूर्वीचे काम ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेझरवर चाले. युरेनिलपुरते बोलायचे तर हा बदल अत्यावश्यक होता, असे माझे ठाम मत आहे.

युरेनिलच्या हिरवट दीप्तीचे (शोषून परत सोडलेल्या प्रकाशाचे) पट्टे पाण्यातील द्रावणात साधारण ४८८, ५१०, ५३३ आणि ५५९ नॅनोमीटरवर दिसतात, आणि लगतच्या दोन पट्ट्यांतील अंतर म्हणजे युरेनियम-ऑक्सिजन बंधाच्या सममित ताणकंपनाचीच (दोन्ही बंध एकाच वेळी लांबण्या-आखडण्याची) तरंगसंख्या, सुमारे ८७० सेंमी⁻¹ (प्रति सेंटिमीटर; पुढे रामन रेषांचे आकडे याच एककात आहेत). हिरवा लेझर ५३३च्या पट्ट्याला अगदी लागून असल्यामुळे, जी रामन रेषा मोजायची तीच ५५८ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पुढच्या दीप्तिपट्ट्याच्या माथ्यावर येऊन पडते. ७८५च्या प्रकाशकणांची ऊर्जा ही दीप्ती चेतवण्यास अपुरी पडते, त्यामुळे पार्श्वभूमी सपाट मिळते.

नायट्रेटच्या आम्लधर्मी द्रावणात थेंबाथेंबाने अल्कली घालत गेल्यास ८७०ची रेषा खचते, ८५३ला खांदा (रेषेच्या कडेचा फुगवटा) उठतो आणि पुढे ८३६ची रेषा वर येते. जलविघटनाचे (युरेनिलला हायड्रॉक्साइड जोडले जाण्याचे) हे टप्पे आता स्पष्ट वेगळे दिसतात. ट्रायकार्बोनेटमध्ये (युरेनिलभोवती तीन कार्बोनेट) तीच रेषा ८१२पर्यंत उतरते. तरंगसंख्येवरून बंधलांबी काढणाऱ्या, बार्टलेट आणि कूनी यांच्या १९८९च्या समीकरणाने पाहिले तर बंधाची लांबी १.७४ वरून १.८० अँगस्ट्रॉमवर जाते.

किंमतही मोजावी लागते. विकिरणाची (विखुरलेल्या प्रकाशाची) तीव्रता तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असल्याने संकेत ५३२च्या तुलनेत पावणेपाच पटींनी घटतो, आणि पाण्याची ओ-एच कंपने १०७० नॅनोमीटरजवळ गेल्याने सिलिकॉन डिटेक्टरला जवळपास दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी, तसेच ९६०च्या असममित ताणकंपनासाठी, अवरक्त वर्णपट घ्यावाच लागतो. साध्या काचेची कुपी ७८५वर स्वतःच रुंद दीप्ती देते. आम्ही सीलबंद क्वार्ट्झ केशनलिका वापरतो, आणि किरणोत्सारी नमुन्यासाठी ती सुरक्षितही आहे.

खरी तक्रार लेझरच्या स्थैर्याबद्दल आहे. सुरू केल्यावर पहिला अर्धा तास सिलिकॉनची ५२०.५ची संदर्भरेषा जवळजवळ एक सेंमी⁻¹ सरकते, आणि माहितीपुस्तिकेत याचा उल्लेख नाही. बंधलांबीत ही चूक हजारांश अँगस्ट्रॉमचीच ठरते, परंतु विषुववृत्तीय लिगँड (युरेनियमभोवती मधल्या पातळीत जोडलेले आयन किंवा रेणू) बदलल्याने होणारे लहान विस्थापन मोजताना ती चालणार नाही. म्हणून प्रत्येक मालिकेच्या आधी आणि नंतर सिलिकॉनचा वर्णपट नोंदवून ठेवावा.