डीबेस थ्री प्लस: रोजच्या कामात काही महिने वापरल्यानंतर

आमच्या वाचनालयाची नव्वदच्या दशकातली पुस्तकनोंद डीबेस थ्री प्लस या डॉसच्या काळातल्या डेटाबेस प्रोग्राममध्ये आहे. ती बाहेर काढण्यापुरता हा प्रोग्राम डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्राम आजच्या संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवला आणि काम संपल्यावरही ठेवून दिला. गेले काही महिने नवी आवक, देवघेव आणि सभासदांची वर्गणी त्यातच चालली आहे. इतकं जुनं सॉफ्टवेअर आज रोजच्या वापराला कसं पडतं, ते सविस्तर लिहितो.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे डॉट प्रॉम्प्ट. सुरुवातीला 'असिस्ट'चा मेनू येतो. एस्केप दाबलं की एक टिंब आणि त्यापुढे कर्सर, बस्स. 'यूज' लिहून फाइलचं नाव दिलं की फाइल उघडते, 'ब्राउज' म्हटलं की तक्ता समोर. आमच्या जुन्या नोंदी रोमन लिपीत आहेत, लेखकाचं आडनाव कुठे आधी, कुठे आद्याक्षरांच्या मागे. तरी 'लिस्ट फॉर', अवतरणात देशपांडे, डॉलरचं चिन्ह आणि रकान्याचं नाव एवढी एक ओळ पुरते. इथे डॉलरचा अर्थ 'या मजकुरात कुठेही असेल तर'. नवीन आलेल्या सहकारी ताई दुसऱ्याच दिवशी स्वतः प्रश्न विचारू लागल्या.

हा सुटसुटीतपणा कुठून आला, हे या प्रोग्रामच्या जन्मकथेत दिसतं. वेन रॅटलिफ कॅलिफोर्नियात पॅसाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत (नासाची प्रयोगशाळा) काम करायचे. १९७८ मध्ये ऑफिसातल्या फुटबॉल सामन्यांच्या पैजेसाठी त्यांना आकडेवारी चाळायची होती. लॅबमध्ये युनिव्हॅकच्या मोठ्या संगणकावर जेब लाँग यांनी घडवलेली जेपीएलडीआयएस नावाची माहिती साठवण्या-शोधण्याची प्रणाली होती. तिच्या धर्तीवर रॅटलिफ यांनी घरच्या इम्साय ८०८० या छोट्या संगणकावर असेंब्ली भाषेत स्वतःचा प्रोग्राम लिहिला आणि स्टार ट्रेक मालिकेतल्या व्हल्कन वंशाच्या स्पॉकवरून त्याला व्हल्कन हे नाव दिलं. एका माणसाला स्वतः बसून तक्त्याला प्रश्न विचारायचे होते. त्या गरजेची छाप आजही आज्ञांवर आहे.

पुढे जॉर्ज टेट आणि हॅल लॅशली यांनी तो डीबेस या नावाने विकायला घेतला. डीबेस वन कधी नव्हताच. पहिल्यापासून नाव डीबेस टू, म्हणजे वस्तू मुरलेली वाटावी. कंपनीचं नाव ॲश्टन-टेट, पण ॲश्टन नावाचा कुणी भागीदार नव्हता. किंमत ६९५ डॉलर. डीबेस टूमध्ये एका फाइलला जास्तीत जास्त ३२ रकाने आणि ६५,५३५ नोंदी. थ्रीमध्ये रकाने १२८ झाले. आमच्या कामाला ही मर्यादा कधीच आड आली नाही.

आता जपून राहायच्या जागा. 'डिलीट' म्हटलं तरी नोंद जात नाही, तिच्यापुढे फक्त तारा लागतो. 'रिकॉल' केलं की परत येते, 'पॅक' केलं की कायमची जाते. वाचनालयासाठी ही सोय उत्तम, कारण हरवलेली म्हणून खोडलेली पुस्तकं पुष्कळदा परत येतात. मात्र 'सेट डिलीटेड ऑन' केलं नाही, तर खोडलेल्या नोंदीही यादीत आणि बेरजेत येत राहतात.

तारखांचं प्रकरण जास्त गंभीर. फाइलमध्ये तारीख पूर्ण आठ अंकांत, वर्ष आधी अशी साठवली जाते, पण पडद्यावर वर्षाचे दोनच अंक दिसतात. आज २५ टाइप केलं की प्रोग्राम १९२५ धरतो. 'सेट सेंचुरी ऑन' आणि 'सेट डेट ब्रिटिश' या दोन आज्ञा आधी दिल्याशिवाय कामाला हातच लावू नये. तीच गत इंडेक्सची, म्हणजे पटकन शोधण्यासाठी ठेवलेल्या सूचीची: तो न उघडता नोंदी वाढवल्या, तर नव्या नोंदी 'सीक' या शोधाच्या आज्ञेला सापडत नाहीत आणि 'रीइंडेक्स' करावं लागतं.

खरी थोरवी मला फाइलमध्ये दिसली. एक डीबीएफ, म्हणजे डीबेसची तक्त्याची फाइल, हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट दाखवणारा प्रोग्राम) उघडून पाहिली. पहिला बाइट ०३, पुढचे तीन शेवटच्या बदलाची तारीख, मग नोंदींची संख्या. त्यानंतर प्रत्येक रकान्याचं ३२ बाइटांचं वर्णन, आणि पुढे सरळ वाचता येणारा मजकूर. लपवाछपवी नाही. म्हणूनच क्लिपर आणि फॉक्सबेससारखी उत्पादनं याच फाइलींवर उभी राहिली. १९८८ मध्ये ॲश्टन-टेटने फॉक्सबेस बनवणाऱ्या फॉक्स सॉफ्टवेअरवर कॉपीराइटचा खटला भरला. डिसेंबर १९९० मध्ये न्यायाधीश टेरी हॅटर यांनी, जेपीएलडीआयएसचं मूळ दडवल्याच्या कारणावरून, ॲश्टन-टेटचाच कॉपीराइट अवैध ठरवला. काही महिन्यांनी तो निर्णय मागे घेतला गेला, पण १९९१ मध्ये कंपनी बोरलँडने विकत घेतली. १९९२ मध्ये फॉक्स मायक्रोसॉफ्टकडे गेली. मालक बदलत राहिले, फाइल तशीच टिकली: नकाशांच्या शेपफाइलमधली माहिती आजही डीबीएफमध्येच असते. ॲश्टन-टेटने या भाषेवर इतका हक्क सांगायला नको होता, असं मला मनापासून वाटतं. वापरणाऱ्यांनी आणि स्पर्धकांनीच ती मोठी केली होती.

देवनागरी ही थ्री प्लसची मोठी उणीव. साध्या डॉसवर ती नाहीच. त्या काळी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड (संगणकात भारतीय लिप्या आणणारं कार्ड) बसवून लोक यातच मराठी नोंदी करत. नव्या मराठी पुस्तकांची नावं मी रोमनमध्येच लिहितो, आणि हे मला खुपतं. छपाईही डॉसबॉक्समधून सरळ होत नाही. 'रिपोर्ट फॉर्म'चा निकाल 'टू फाइल' करून ती मजकुराची फाइल छापतो.

तुमच्याकडे जुन्या डीबीएफ असतील तर आधी त्यांची प्रत काढा. सोबतची डीबीटी फाइल विसरू नका, मेमोचा, म्हणजे लांब टिपांच्या रकान्याचा, सगळा मजकूर तिच्यात असतो. नुसतं वाचायचं असेल तर लिब्रेऑफिस कॅल्क पुरेसं आहे. जिस्टवर भरलेल्या मराठी नोंदी मात्र तिथे अगम्य चिन्हांसारख्या दिसल्या तर डेटा बिघडला असं समजून टाकून देऊ नका. तो इस्कीमध्ये (भारतीय लिप्यांची जुनी संकेतप्रणाली) असण्याची शक्यता आहे आणि युनिकोडमध्ये रूपांतर करून वाचता येतो.