हेलडायव्हर्स २ : चाळीस युरो, तीन भावंडं आणि एक परका

नुसता ऑनलाइन खेळायचा गेम पुन्हा पूर्ण किमतीत घेणार नाही, असं मी कानाला खडा लावून ठरवलं होतं. त्याला कारण आधीचा एक गेम. नाव घेत नाही. सत्तर युरो मोजले आणि दोन महिन्यांत लॉबीत, म्हणजे खेळाडू जमतात त्या जागी, चिटपाखरू उरलं नाही. मॅच सापडेपर्यंत माझा अख्खा चहा संपायचा. एकटीने खेळावं तर त्यात गोष्टच नव्हती.

त्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये हेलडायव्हर्स २ आला तेव्हा मी ढिम्म हलले नाही. पण कोल्हापूरहून धाकटा भाऊ मागेच लागला. "ताई, घे की! मी आणि पुण्याचा दादा घेतोय, तिसरी तू." त्याच्याकडे प्लेस्टेशन ५, माझ्याकडे इथे स्टुटगार्टला पीसी, पण या गेमला ते चालतं. ३९.९९ युरो गेले.

चौघांनी एका ग्रहावर उतरायचं, किडे, यंत्रमानव असले शत्रू मारायचे, नेमून दिलेलं काम उरकायचं आणि यान आलं की निसटायचं. मोठी मोहीम चाळीस मिनिटांची. गोष्ट म्हणाल तर एवढीच. मजा आहे ती बाणांच्या कळांत: जे मागवायचं त्याच्या कळा ठरल्या क्रमाने दाबायच्या. मेलेल्या गड्याला परत बोलवायचं तर वर, खाली, उजवी, डावी, वर. निवांत बसून सोपं वाटतं. मागे किडे लागले की बोटांना उजवं-डावं कळत नाही. वर आपलीच गोळी आपल्याच माणसाला लागते आणि ते बंद करायची सोय नाही. भावाचं ५०० किलोच्या बॉम्बवर भारी प्रेम. "पळा!" हे तो बॉम्ब मागवून झाल्यावर ओरडतो. दादा त्या बॉम्बखाली इतक्यांदा गेलाय की आता चिडतसुद्धा नाही.

शनिवारी माझे दुपारचे तीन, त्यांचे साडेसहा. एरवी आमचा फोन म्हणजे "जेवलीस का, थंडी आहे का", चार मिनिटांत खलास. इथे दोन तास बोलतो. भावाच्या माइकमधून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. त्याची नोकरी गेल्याचं मला घरच्यांच्या आधी कळलं, तेही यानाची वाट बघताना.

आता पैशांचं. हेलडायव्हर्स काढणाऱ्या सोनीनेच त्याच वर्षी २३ ऑगस्टला कॉनकॉर्ड नावाचा गेम काढला, तोही चाळीस डॉलरचा, तोही फक्त ऑनलाइन. ६ सप्टेंबरला बंद! लोकांचे पैसे परत केले, ते ठीक. पण दोन आठवडे म्हणजे लग्नघरातला मांडवसुद्धा कधीकधी जास्त टिकतो. सर्व्हर बंद झाला की असल्या गेमचं काही उरत नाही, ही भीती हेलडायव्हर्सलाही आहेच. इंटरनेटशिवाय तो चालतच नाही. म्हणून सत्तर युरो असते तर मी भावालाही नाही म्हटलं असतं. नवी शस्त्रं वॉरबॉन्डमधून, म्हणजे वेगळ्या घ्यायच्या संचांतून, येतात आणि त्यासाठी पुन्हा खिशात हात घालायला सुचवतात, पण लागणारे सुपर क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, ग्रहांवर हिंडूनही सापडतात आणि वॉरबॉन्डला मुदत नसते. आम्ही दादाला हिंडायला पाठवतो.

तुमची दोन माणसं त्याच आठवड्यात घेत असतील तर पूर्ण किमतीत बिनधास्त घ्या. एकट्यानेच खेळणार असाल तर सेलपर्यंत थांबा. अनोळखी लोकांत उतरता येतं, पण यजमानाच्या, म्हणजे ज्याच्या खेळात उतरलात त्याच्या, मनात आलं तर तो तुम्हाला बाहेर काढू शकतो.

आमच्याकडे चौथ्या जागेवर असाच एक अनोळखी पोरगा आला होता, पोर्तुगालचा. मराठीचा गंध नाही. तरी पुढच्या शनिवारी परत आला, मग येतच राहिला. आता भावाने बॉम्ब मागवला की सगळ्यांत आधी तोच ओरडतो, "पळा!"